चार हॅलोजन

दिंद्रुडच्या फाट्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तेवीस वर्षं झाली. डायनामो, सेल्फ, हॉर्न, तारेवर चालणारं काहीही आणा, मी दुरुस्त करून देतो. फक्त गिऱ्हाईकानं मध्ये तोंड घातलं की माझं डोकं फिरतं. बायको, कौशल्या, लग्न झाल्यापासून हेच सांगत आली आहे आणि मी तिच्यावरही खेकसत आलो आहे.

त्या साली सलग दुसऱ्यांदा पावसानं दगा दिला. दसरा उलटला तेव्हाच विहिरींचे तळ दिसत होते. सरकारी छावण्या कागदावरून खाली उतरेनात, म्हणून आमच्या दूध संस्थेनं गायरानात स्वतःची जनावरांची छावणी उघडली. माझी म्हैसही तिथंच बांधलेली. रोज पहाटे पाचला चाऱ्याचा ट्रक यायचा आणि सडकेवरच थांबायचा, कारण दावणींमधल्या वाटा अरुंद. तिथून आत चारा न्यायला छोटा ट्रॅक्टर लागायचा. शेजारच्या गावातून एक उसना आणला होता, पण तो सोमवारपासून येणार नव्हता. गायरानात वीज नाही, तेव्हा नव्या ट्रॅक्टरला मागं-पुढं जादा दिवे पाहिजेत, अशी संस्थेची अट होती. रविवारी संध्याकाळी दिवे पाहायचे आणि ज्याचे पसंत पडतील त्याला पुढच्या पावसापर्यंत काम द्यायचं ठरलं.

त्याच रविवारी सकाळी मी शटर वर करतोय तोच गहिनीनाथ आपला बुटका ट्रॅक्टर घेऊन दारात आला. मोसंबीच्या ओळींतून चालावा म्हणून घेतलेला ट्रॅक्टर. मोसंबी केव्हाच वाळून गेली होती, झाडं त्यानं स्वतःच तोडली होती. मडगार्डवर त्याची बायको साखराबाई बसलेली, उजवा हात पदराखाली.

"मिस्त्री, सांजपर्यंत दिवे झाले पायजेत," गहिनीनाथ म्हणाला. "हे काम भेटलं तर गावात ऱ्हाता येतंय. न्हाईतर मंगळवारी मुकादमाची गाडी हाय, ऊसतोडीला."

"मग तू जा की एकटा. तिला कावून नेतो बे?"

"एकट्याला कोन घेतंय? अर्ध्या कोयत्याला मुकादम इचारत न्हाई."

खरंच होतं ते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी डोक्यावरून गाडीत चढवायच्या. गेल्या साली मोळी घेऊन फळीवरून चढताना साखराबाईचा पाय घसरला आणि हात गाडीच्या मागच्या फाळक्यात चेचला. तिनं तो पदराखालून काढून माझ्यापुढं धरला. तीन बोटं सरळच्या सरळ, वळतच नव्हती.

"भाकर थापता येत न्हाई, दादा," ती म्हणाली. "मोळी कशी बांधू?"

मला वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी लगेच दिलदार बनतो.

गहिनीनाथ काचेच्या कपाटाकडं बोट दाखवत होता. तिथं एलईडीची एक जोडी पडून होती, तळहाताएवढी. "हे बारके दोन बसवले तर?"

"मिस्त्री तू का मी? हे खेळणं मोटारसायकलला लावतेत. तुला काम पायजे का न्हाई?"

माळ्यावर एका भंगारात गेलेल्या ट्रकचे चार हॅलोजन ठेवले होते. मोठे, ताटाएवढे, काचा शाबूत. मी ते खाली काढले, फडक्यानं पुसले आणि म्हणालो, "हे घे. एक रुपया देऊ नकोस." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असेल.

दिवसभर राबलो. दोन दिवे पुढं, दोन मागं मडगार्डवर. जाड तार, मध्ये फ्यूज, रिले, स्टिअरिंगखाली बटण. अर्थिंगसाठी रंग खरवडून लोखंड उघडं केलं. असं काम मी माझ्या भावाच्या गाडीलाही केलं नसतं. मग बॅटरीचं झाकण उघडलं तर आत पांढरी खरवड. एरवी आमच्याकडं लोक पत्र्यावरून पडणारं पावसाचं पाणी बाटलीत धरून ठेवतात आणि बॅटरीत घालतात. दोन वर्षं पाऊसच नाही, गहिनीनाथनं बोअरचं खारं पाणी घातलं होतं.

"अर्धी मेलीय ही," मी म्हणालो. "पन इंजिन चालू असल्यावर काय होत न्हाई."

"पन मिस्त्री, तितं..."

"टेस्टर दे इकडं. मधी बोलू नको."

त्यानं टेस्टर दिला.

दिवस मावळल्यावर छावणीत पंचवीस-तीस माणसं जमली. संस्थेचे चेअरमन भगवानराव खुर्ची टाकून बसले होते. काम मागायला दोघंच आले होते, गहिनीनाथ आणि उत्तरेश्वर. उत्तरेश्वरच्या ट्रॅक्टरला दोन चिमुकले एलईडी. मी गालातल्या गालात हसलो. आमचं बटण दाबलं आणि दावणीच्या दावणी लख्ख दिसल्या. जनावरांनी माना वर केल्या. कोणीतरी शिट्टी मारली. साखराबाई आपल्या गाईपाशी उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती.

भगवानराव म्हणाले, "झकास. आता इंजिन बंद करा."

तेव्हा कुठं मला आठवलं.

आठच दिवसांपूर्वी ट्रॅक्टरच्या आवाजाला बुजून एका कालवडीनं दावं तोडलं होतं आणि शेजारच्या दावणीच्या चंद्रभागाबाईला खाली पाडलं होतं. त्या कालवडीला धरायला मीच धावलो होतो. तेव्हापासून दावणीपुढं चारा टाकताना इंजिन बंद, असा नियम झाला. रोज पहाटे मी माझ्या म्हशीपाशी उभा राहून ते बघत होतो. आणि दिवसभर तारा ओढताना ते माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

गहिनीनाथनं इंजिन बंद केलं. दिवे आधी पिवळे पडले, मग तांबडे, मग गेले. बॉनेटवर हात ठेवून तो तसाच बसला. पुन्हा सेल्फ मारला तर नुसतं टक झालं. चौघांनी ढकलत ट्रॅक्टर बाजूला नेला. उत्तरेश्वरचे एलईडी बॅटरी फारशी खात नव्हते, ते पाव तास इंजिनाशिवाय जळले.

"उद्याचा दिवस द्या, मी दुसरे बसवतो," मी भगवानरावांना म्हणालो.

"बंकटराव, चारा पहाटे पाचला येनार. तवर जनावरांपुढं काय टाकू?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. गहिनीनाथ सगळ्यांदेखत म्हणाला, "माझी बॅटरीच खराब हाय, मिस्त्रींनी लई केलं." आयुष्यात एकदा जिथं बोलायला हवं होतं, तिथं मी गप्प राहिलो.

मंगळवारी दुपारी मुकादमाचा ट्रक फाट्यावर लागला. भांडीकुंडी, गोधड्या, कोयते वर चढत होते. साखराबाई गोणीत घालून चारही हॅलोजन परत द्यायला आली. गोणी तिनं डाव्या खांद्यावर घेतली होती.

मला राहवलं नाही. "साखराबाई, चूक माझी हाय. इंजिन बंद करतेत हे मला ठाव होतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"आमाला बी ठाव होतं की," ती म्हणाली. "मी रोज पहाटे तितंच असती. म्हनून तर ह्यांनी ते बारके दिवे मागितले."

"मग बोलला कावून न्हाईत?"

तिनं गोणी माझ्या पायाशी टेकवली.

"तुमी फुकट देत होता, दादा. आन चिडला बी होता. मग आमी कसं बोलावं?"

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधंच म्हणाली, कोणी वाट विचारल्यावर सांगावी तसं. थांबा म्हणावं तर कशाच्या जोरावर?

ट्रकनं हॉर्न दिला. चढताना साखराबाईनं सवयीनं उजवा हात पुढं केला, फाळक्याची साखळी धरता येईना, तेव्हा वरून गहिनीनाथनं तिला दंडाला धरून ओढून घेतलं. खाली उभ्या मुकादमानं ते पाहिलं. त्याला माणसं कमी पडत होती. त्यानं फाळकं लावून घेतलं.