पलंगाखालचा गहू

लेकीचा गहू काल सोनईहून ट्रॅव्हल्सनं पुण्याला गेला, आणि आज सकाळी ओट्यावर मला गोळ्यांची रिकामी डबी सापडली.

"हे काय टाकलंत पोत्यात?"

"किड्याच्या गोळ्या. आराधनाचा गहू वर्षभर टिकंल," आमचे हे, दानीएल, चहा पीत म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. त्या गोळ्यांतून विषारी गॅस निघतो. आम्ही त्या रानातल्या खोलीत टाकतो, दार बंद करतो आणि आठवडाभर तिकडं फिरकत नाही. लसणासारखा वास आला की पळायचं, हे यांनीच मला शिकवलेलं! आराधनाची तर एकच खोली. पोतं जाणार पलंगाखाली, आणि पलंगावर तान्हं बाळ.

"ट्रॅव्हल्सवाल्याला तरी सांगितलंत का?"

"गहू हाय म्हनून सांगितलं की."

ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, तर त्यानं पोतं पहाटेच आराधनाकडं उतरवलं होतं. आराधना फोन उचलेना. मी अंगणात येरझाऱ्या घातल्या, आत जाऊन यांच्यावर ओरडले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा फोन लावला.

शेवटी तिनं उचलला. मी तोंड उघडायच्या आत हसत म्हणाली, "आई, गव्हात लसूण कशाला पाठवलास गं? घरभर वास सुटलाय. पण बाळ आज कसं गपगार झोपलंय बघ."