रिकामी खाट

"तू नवीन आहेस, तुला काही ठाऊकच नाही. म्हणून तूच खाली जा," व्हिटनी म्हणाली. ती हाऊसची, म्हणजे मुलींच्या या वसतिघराची, अध्यक्ष होती. "खोकं दे, कॉफी विचार आणि वाटेला लाव."

खाली दिवाणखान्यात कॅसिडीची आई बसली होती. फेब्रुवारीत वारलेल्या मुलीचं उरलंसुरलं सामान न्यायला बाई नोव्हेंबरात आल्या होत्या. बाकीच्या मुली आपापल्या खोल्यांची दारं लावून बसल्या होत्या.

डेलनी या विद्यापीठात आली ती एकदम तिसऱ्या वर्षाला. आधीची दोन वर्षं गावाकडच्या छोट्या कॉलेजात आणि वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलण्यात गेली. इथे तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. तीन आठवडे दुपारचं सँडविच तिने गाडीत बसून खाल्लं, मग सोरॉरिटीत, म्हणजे एका घरात राहणाऱ्या, एकमेकींना बहिणी मानणाऱ्या मुलींच्या मंडळात, शिरायचं ठरवलं. अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत ती अशा मंडळांच्या दारोदार निवडीसाठी उभी राहिली. 'तिसरं वर्ष' म्हटलं की समोरचीचं हसू तसंच राही, नजर मात्र मागच्या पोरीकडे जाई. या एकाच घराने तिला घेतलं. इथे दुसऱ्या मजल्यावरची एक खाट रिकामी होती.

नव्या पोरी तिला 'आजीबाई' म्हणत. तरी जेवताना कुणीतरी "डेलनी, इकडे ये ना गं" अशी हाक मारी, आणि तेवढ्याने ती सुखावे. बहिणी म्हणून शपथ घेताना तर तिला रडू आवरलं नव्हतं.

खाट कुणाची, हे तिला ऑक्टोबरात कळलं. तिच्या खोलीत राहणारी ऑब्री कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलून गेली.

"नव्या पोरींनी एकेक बाटली संपवायची, असा रिवाज होता गं. कॅसिडी पडली. आम्ही चौघींनी तिला कुशीवर झोपवलं. श्वास कसातरीच येत होता. मी म्हटलं, अँब्युलन्स बोलवू. व्हिटनी म्हणाली, बोलवलीस तर उद्या हाऊसला टाळं. सकाळी बघतो तर..."

आता डेलनी खोकं घेऊन खाली आली.

"तू तिची मैत्रीण का?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी तिच्या खाटेवर झोपते."

"विद्यापीठवाले म्हणतात, ती एकटीच प्यायली, कुणाला कळलंच नाही. मला भांडायचं नाही, बाळा. तिच्याजवळ कुणी होतं का, एवढंच सांग."

जिन्यात पाऊल वाजलं. वर व्हिटनी उभी होती. तिने मानेनेच 'नाही' म्हणून खुणावलं.

"होत्या," ती म्हणाली. "चौघी होत्या. त्यांना दिसत होतं." आणि तिने नावं घेऊन सगळं सांगितलं.

"तुझं सामान आजच बाहेर काढते," व्हिटनी वरून ओरडली. "बहीण म्हणे! कशाला घेतलं हिला!"

बाई उठून बाहेर गेल्या. डेलनी मागोमाग गेली. गाडीची किल्ली बाईंच्या हातून दोनदा खाली पडली.

"घर कुठे तुमचं?"

"तीन तासांवर."

डेलनीने किल्ली उचलली. "तुम्ही तिकडे बसा. मी चालवते."

गाव मागे पडलं. मग दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची रानं लागली, तेव्हा बाईंनी तोंड उघडलं.

"परत सांग. पहिल्यापासून."

डेलनीने गाडी जरा हळू केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.