चौकोनातल्या तीन रेघा

दानम्माच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं, कारण मला ते वाचताच आलं नव्हतं. दानम्मा माझ्या बायकोची, दाक्षायणीची, धाकटी बहीण. अक्कलकोटच्या पलीकडं राहते, कानडीच लिहिते. तिची पत्रं दाक्षायणी मला मराठीत सांगायची. हे पत्र दाक्षायणी गेल्यानंतरचं. परक्याकडून वाचून घ्यायला मन धजेना. कानडी ऐकून थोडीफार कळायची, म्हणून स्वतःच लिपी शिकायची ठरवली. जमेल असं वाटत मात्र नव्हतं.

नातीनं, शिवानीनं, पुण्याहून वर्षभराच्या चौकोनांचा तक्ता पाठवला.

"आजोबा, अभ्यास झाला की त्या दिवसाचा चौकोन हिरवा करायचा. रिकामा ठेवलात तर तो तुमच्याकडं बघत बसतो."

"आणि अभ्यास न करताच रंगवला तर?"

"मग तर लई बघतो की!"

तक्ता स्वयंपाकघराच्या दाराशी लावला. रोज अक्षरं गिरवायची, चौकोन भरायचा.

डोळ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात राहिलो, तेव्हा घराला कुलूप होतं. परतलो तर त्या दिवसांचे चौकोन रिकामे नव्हते. प्रत्येकात हिरव्या पेन्सिलीच्या तीन आडव्या रेघा. दाक्षायणी कपाळावर विभूती ओढायची तशाच, डावीकडं जरा चढलेल्या. मीच काढून विसरलो असेन, असं स्वतःला समजावलं. माझा काय भरवसा. पण त्यानंतरही कंटाळून पुस्तक मिटलं, की सकाळी त्या चौकोनात रेघा असत आणि आदल्या दिवशी अडलेलं अक्षर मला वाचता येई.

एका दुपारी अख्खं पत्र लागलं. "दाजी, अक्का तिन्हीसांजेला माझ्या अंगणात येते. एकच विचारते, ऊटा आतेन्री? हे ती तुम्हालाच विचारते. मी काय सांगू?"

ऊटा आतेन्री, म्हणजे जेवण झालं का. कानडीत 'आत' म्हणजे झालं. दाक्षायणी रोज हेच विचारायची, मी रोज म्हणायचो, "आत की, पोटात!" आणि ती रोज हसायची.

उत्तर मिळालं की ती यायची थांबेल. तिथं आणि इथंही. कागद पुढ्यात घेऊन बराच वेळ बसलो. ती गेल्यापासून चहा-बिस्किटांवर भागवत होतो, खोटं लिहवेना. उठलो, भाकरी थापली. एका बाजूनं करपली. शेंगाचटणी घेऊन पोटभर जेवलो. मग कानडीत लिहिलं, "दानम्मा, अक्काला सांग, आत." एवढंही चुकलं असेल म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं.

आजचा चौकोन मुद्दाम तिच्यासाठी रिकामा ठेवला. घराला कुलूप लावून टपालपेटीपाशी गेलो आणि पत्र आत सोडलं.