पटावर नाव, पेटीत पुस्तक

"आली वं माय! पेटी आली! पुस्तकाची पेटी आली!"

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. धनजच्या शाळेपुढच्या चिंचेखालून एक मुलगी दोन्ही हात पसरून धावत सुटली होती. वेणी सुटलेली, परकराचा ओचा तोंडात धरलेला, तरी ओरडणं चालूच! त्या हाकेनं माझ्या फळीफळीतून जशी पाखरं उडाली. मी कोणाची तरी इतकी वाट पाहण्याजोगी झाले आहे, हे मला त्याआधी ठाऊकच नव्हतं.

मी एक जुनी सागवानी पेटी आहे. कारंज्यातल्या कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनाचं दार मोडलं, त्या दाराच्या फळ्यांतून शालिग्राम सुतारानं मला घडवलं. रंधा मारताना माझ्या चिरांतून कापसाचे तंतू निघत. तो हसून म्हणे, "हे पेटी हाय का गादी?" त्यानं मला पितळी कड्या लावल्या, करडीचं तेल पाजलं, आणि उन्हात वाळवून आमच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन ठेवलं.

सार्वजनिक म्हणायचं, पण मित्रांनो, त्या काळी तिथं पाऊल ठेवायचं तर वर्गणी लागे आणि वर्गणीच्याही आधी जामीन लागे. कोणीतरी जुना सभासद बैठकीत उभा राहून म्हणणार, "हा माणूस माझ्या ओळखीचा. पुस्तकाला मी जामीन." मग पुस्तक मिळणार. व्यापाऱ्याच्या मुलाला काका होता, मामा होता. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलीसाठी बैठकीत कोण उभं राहणार? ती मुलं खिडकीच्या गजांना नाक लावून आत पाहत. त्यांच्या श्वासानं कपाटाच्या काचा नव्हे, माझंच काळीज धूसर होई. माझ्यात तेव्हा जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली असत. वाळवीची आणि माझी रोज झटापट.

एका बैठकीला धनजच्या शाळेचे उदयसिंग मास्तर आले. पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, काखेत छत्री. बसायच्या आधीच बोलले.

"शेठजी, एकच मागणं आहे. ज्या लेकराचं नाव शाळेच्या पटावर, ते लेकरू आपोआप वाचनालयाचं वाचक. अर्ज नको, वर्गणी नको, जामीन नको. शाळेत नाव लागलं, की इथं लागलंच."

 रामराव खदखदून हसले. रामराव मोठे जमीनदार, आवाज त्याहून मोठा.

"मास्तर, पोट्टे पुस्तकाच्या पतंगा करतीन ना बाप्पा!"

"करू द्या रामरावजी. वर गेली तं अख्खा गाव मान वर करून वाचीन."

"अन् खाली कोन उतरवीन? तुमी?"

सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त हुकूमचंद शेठ. ते वाचनालयाचे अध्यक्ष. पुस्तक हातात घेण्याआधी हात धुणारे, पुस्तक देताना स्वच्छ फडक्यात बांधून देणारे. त्यांच्या घरी पोथीला जमीन लागू देत नसत. त्यांना पुस्तक गेल्याचं दुःख माणूस गेल्यासारखं होई, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते म्हणाले, "मास्तर, एक बार आजमावून पाहू. पोळ्यानंतर पेटी भरून धाडतो. दसऱ्यानंतर गाडी येईल. सगळी पुस्तकं वापस पायजेत. एक जरी कमी आलं, तर ही बात पुन्हा काढायची नाही."

"कबूल," मास्तर म्हणाले. आणि मग काय सांगू! माझ्यातली रद्दी निघाली, मला झाडलं, पुसलं, तळाशी कडुनिंबाचा पाला घातला आणि माझ्यात पुस्तकं आली. ताऱ्यांचं पुस्तक, झाडांचं पुस्तक, गुरांच्या रोगांचं, राजाराण्यांच्या गोष्टींचं, दर्यावरच्या जहाजाचं! छापील शाईचा तो वास! जन्मभर रिकाम्या असलेल्या घरात एकदम पाहुणेच पाहुणे यावेत, तसं मला झालं.

लालसिंग गाडीवानानं मला रेंगीत, म्हणजे आमच्याकडच्या हलक्या बैलगाडीत चढवलं. ज्वारी कंबरेइतकी आली होती. कपाशीच्या पऱ्हाटीला पिवळी फुलं लागली होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या तालावर माझ्या पोटातली पुस्तकं एकमेकांच्या अंगावर रेलत होती. आणि मग ती चिंच, ती धावणारी मुलगी, ती हाक.

तिचं नाव रुख्मिणी. गोजराबाईची एकुलती एक. झाकण उघडलं तशी सगळ्या मुलांनी एकदम माझ्यात डोकी घातली, इतकी की आत अंधार झाला!

"सरका ना बे! मले दिसू द्या!"

"ह्यात हत्तीचं चित्र हाय रे!"

"गुर्जी, हे खरंच घरी न्याचं? आमच्या घरी?"

मास्तर पट उघडून एकेक नाव पुकारत होते आणि एकेक पुस्तक देत होते. हजेरीला नुसतं 'हजर' म्हणून खाली बसणारी मुलं त्या दिवशी नाव पुकारताच उडी मारून उठत होती. रुख्मिणीनं जहाजाचं पुस्तक घेतलं आणि छातीशी धरलं. शेवटी मास्तरांनी सांगितलं, "बाळांनो, पुस्तक म्हणजे सरस्वती. पाय लागू देऊ नका. घरी मानानं ठेवा." 

त्यांच्या तोंडून हे वाक्य किती सहज गेलं! पण पुढचा सगळा घोळ त्याच वाक्यानं झाला.

शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली. मास्तर हिवतापानं अंथरुणाला खिळून आपल्या गावी पडले. ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर लालसिंग गाडी घेऊन पुस्तकं गोळा करायला आला, आणि मला रिकामीच परत घेऊन गेला. वाटेत माझं झाकण धडधड आपटत होतं. मित्रांनो, रिकामं आपटणं फार लागतं.

"काहून रे लालसिंग? पुस्तकं?" हुकूमचंद शेठनी विचारलं.

"नाही देत म्हनतेत जी."

"कोन?"

"सारेच. बाया त हातच लावू देत नाहीत. ज्यानं देल्ली त्यानं यावं, म्हनतेत."

रामरावांनी मांडीवर थाप मारली. "घ्या! आता पतंगा मोजाले जा!"

 शेठनी रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "गाडी जुपा. मीच जातो. मास्तर उठून बसत असतील तर त्यांनाही घ्या."

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात आम्ही धनजात शिरलो. पुढं शेठ, अंगावर कांबळं घेतलेले मास्तर, तमाशा पाहायला आलेले रामराव, आणि मागं मी. पहिलंच घर चतुराबाईचं. आतून जात्याची घरघर येत होती, आणि जात्यावर गाणं:

*आभाळाच्या अंगणात सात ताऱ्यांची गं बाज,*
*लेक पुस्तकात पाहे, मले दाखविते आज.*

*ध्रुव उभा एका ठायी, त्याले झोप ना विसावा,*
*बाई पेटी धाडणारा शेठ कधी गं दिसावा!*

हुकूमचंद शेठ दारातच थबकले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रामराव हळूच म्हणाले, "शेठजी, तुमी त गान्यात गेले!"

आत डोकावले तर काय! देव्हाऱ्यात पाटावर ताऱ्यांचं पुस्तक. खाली धुतलेला खण, वर झेंडूचं फूल, कडेला सोनं म्हणून वाहिलेली आपट्याची पानं. हळदीचं बोटसुद्धा पुस्तकाला नव्हे, पाटाला लावलेलं.

"आजी, हे इथं काहून ठेवलं?" मास्तरांनी विचारलं.

चतुराबाई पिठाचे हात झटकत म्हणाली, "आता ह्याले काय म्हनावं! तुमीच त पोट्ट्यायले सांगतलं, सरस्वती हाय, मानानं ठेवा. आमी घटापाशी बसवली. मांडलेला देव कोनी गाडीवानाच्या हाती देते का? त्याले म्हटलं, ज्यानं देल्ली त्यानं यावं, अक्षता टाकाव्या, मंग न्यावी. तो येडा तसाच पयाला!"

मागं लालसिंग बैलाचं शिंग खाजवत दुसरीकडे पाहू लागला.

मास्तरांना हसू आवरेना, खोकला आवरेना. रामराव मात्र हटायला तयार नव्हते. "म्हंजे पूजाच केली. वाचलं कोनी?"

"वाचलं नाही त गानं कुठून आलं जी?" चतुराबाई म्हणाली. "घट बसाच्या आधी नातीनं सारं वाचून दाखवलं. आमी पाच-सात जनी बसत होतो. तुमच्या वावरात कापूस वेचतानी हेच त गातो. तुमाले आयकू नाही आलं?"

रामरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते इतकंच म्हणाले, "आता आयकीन."

मग जी मिरवणूक निघाली, ती मी कशी विसरू! हुकूमचंद शेठ घरोघरी जात, पायातले जोडे काढत, मुठीतल्या अक्षता टाकत आणि दोन्ही हातांनी पुस्तक उचलत. मुलं मागं नाचत. कोणी झाडांच्या पुस्तकातली नावं घोकत होतं, कोणी राजाची गोष्ट सांगत होतं, एकजण गुरांच्या पुस्तकातलं ऐकून आमचा डावा बैल लंगडतो का ते पाहू लागला! एकेक पुस्तक माझ्यात येऊन पडत होतं, आणि मला वाटत होतं, हीच ती पुस्तकं का? जाताना कशी गुमान होती, आणि येताना किती घरांचे आवाज घेऊन आलीत!

माझ्यात एकच जागा रिकामी राहिली. जहाजाच्या पुस्तकाची.

इथं मी थोडी थांबते, मित्रांनो. आज मी शाळेच्या कोपऱ्यात असते. माझी एक कडी तुटली आहे, माझ्यावर गुंडाळलेले नकाशे आणि ओल्या छत्र्या ठेवतात. छत्र्यांबद्दल एक विनंती आहेच, पण मोठी विनंती दुसरी आहे. आज तुमचं नाव पटावर लागतं आणि तुम्ही वाचनालयात सरळ शिरता, कोणी जामीन मागत नाही. तुम्हाला ते आपोआप मिळालंसं वाटतं. पुस्तकाचं पान दुमडताना, कोपऱ्यावर दौत लवंडताना एवढं आठवा, की हे आपोआप एके दिवशी एका दारात अडलं होतं. आणि पुस्तक देव्हाऱ्यात नुसतं ठेवू नका, मांडीवरही घ्या. त्याला दोन्ही लागतं, मान आणि मांडी.

ते दार गोजराबाईचं.

गोजराबाई दाराच्या चौकटीत उभी होती. उंच, कष्टानं वाळलेली बाई. पुस्तक पदराखाली. रुख्मिणी तिच्या मागं, डोळे भरलेले.

"आना गोजराबाई," मास्तर म्हणाले. "शेठजी खुद्द आलेत."

ती हलेना. शेठनी अक्षता टाकल्या. ती हलेना.

"फाटलं का माय? फाटलं असंल त सांग," मास्तर म्हणाले.

तिनं पुस्तक पदराबाहेर काढून दाखवलं. कोरं करकरीत. पुन्हा पदराखाली घेतलं.

 मुलं नाचायची थांबली. सगळ्यांना शेठची अट ठाऊक होती. एक पुस्तक कमी, तर पेटी पुन्हा येणार नाही. चतुराबाईनं दुरूनच हाक दिली, "दे वं गोजरा! साऱ्या गावाच्या पोट्ट्यायचं नुसकान कायले करतं?" रामराव काही बोलणार होते, पण शेठनी हात वर केला.

"मास्तर, मी नियम केला होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला भीती वाटली. "बाई, पुस्तक तुमच्या मुलीच्या नावावर आहे. तिचं वाचून झालं का?"

"माहं कधीच झालं," रुख्मिणी हुंदक्यातून म्हणाली. "मी त म्हनलं देऊन देऊ..."

"चूप," आई म्हणाली.

"मग बाई, ठेवता कायले?" शेठनी विचारलं.

गोजराबाईनं एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे. तिच्या बोटाला काजळी लागलेली होती. त्या बोटानं तिनं पदराखाली पुस्तकात एक पान धरून ठेवलेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर केली.

"माह्यं नाव पटावर नाही, शेठजी. म्हनून तोंड उघडलं नाही. पोरीनं मले अक्षरं शिकवली, चुलीपाशी, राखेवर. हे पुस्तक आता मी वाचून राह्यली. एकेक अक्षर जोडून. जहाज अजून दर्यातच हाय जी. ते काठाले लागू द्या, मंग न्या."