सुळक्याची दोन पिल्लं

ताईचा प्रबंध तयार होता. फक्त तिच्या मार्गदर्शक सरांची सही अडली होती.

आणि अडली कशामुळे, तर दोन पिल्लांमुळे.

सांगतो. ताई सिलिकॉनचा पडदा बनवते. केसाहून हजारपट पातळ, फुंकर मारली तर गेला. तो हवा काढलेल्या डब्यात ठेवायचा, थरथरवायचा, वरून लेझर मारायचा आणि किती वेगाने थरथरतो ते मोजायचं. त्यावरून पडदा किती ताणलाय ते कळतं. स्क्रीनवर एक उंच सुळका येतो. तो काढणारा प्रोग्रॅम माझा. नेटवर बघून शिकलो, ताईने इथे लॅबमध्ये नोकरीला चिकटवून दिलं.

तर सर मोजायला बसले की सुळक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारका उंचवटा यायचा. सर त्यांना उपशिखरं म्हणायचे, आम्ही पिल्लं.

"हे नवीन आहे! कुणालाच दिसलेलं नाही!"

खरंच कुणाला दिसत नव्हतं. ताई बसली की सुळका एकटाच.

"अगं, हात लागतो त्याला," सर म्हणायचे. "तू उपशिखरं आणून दाखव, मी सही करतो."

ताईने लेझर बदलला, पडदा बदलला. मग माझ्यावर घसरली.

"तुझ्याच कोडात घोळ आहे, बावळटा."

"माझा कोड काय सरांना बघून पिल्लं देतो?"

ती हसेल वाटलं, तर सरांच्या खुर्चीकडे बघायला लागली. त्या दुपारी सर मोजत होते आणि ही स्क्रीन सोडून टेबलाखाली बघत होती. मीही वाकलो.

सरांचा गुडघा. टेबलाला टेकलेला, आणि पाय शिलाई मशीनसारखा चालू. डबा ठेवलेलं ते टेबल हवेच्या उशांवर तरंगतं, जमिनीचा धक्का लागू नये म्हणून. गुडघ्याचा बंदोबस्त कुणी केला नव्हता.

"आता सांगणार कोण?" मी बाहेर विचारलं.

"तू सांग. तुझी नोकरी काय, तशीही जायचीच आहे."

"वा गं वा!"

शेवटी तीच बसली, सरांसमोर. गुडघा टेकवला, पाय हलवला. पिल्लं आली, चांगली गुटगुटीत.

"जमलं की गं!" सरांनी टाळी वाजवली.

ताईने पाय थांबवला. पिल्लं गेली. हलवला, आली. भरभर हलवला, सुळक्यापासून लांब सरकली.

"सर, पाय," ती म्हणाली.

सरांनी तिचा पाय पाहिला. मग स्वतःचा. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा घोळही माझाच.

मग सर खाकरले.

"त्या उपशिखरांवरचा पेपर पाठवलाय मी. तुला जमत नव्हतं, म्हणून माझ्या एकट्याच्या नावाने."

"हो, सर."

"छापायला घेतलाय त्यांनी."

"अभिनंदन, सर."

"तुझं नाव अजून टाकता येईल. पहिलंसुद्धा."

ताईने प्रबंध उघडून सहीचं पान त्यांच्यापुढे सरकवलं.

"छे, सर. मेहनत सगळी तुमची आहे."

सरांनी सही केली. तारीख चुकली, ती ताईने तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली.