बिनधुराची भट्टी

"काऊन हो जानरावभाऊ, गोठ्यात फिनेल टाकता काय तुम्ही?" खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसलेल्या कडूबा मिस्त्रीने बोटे हुंगत विचारले.

"रोज. दोन टाइम," जानराव अभिमानाने म्हणाले. "खव्याचा धंदा हाय बाप्पा. एक माशी दिसली त शेगावचा पेढेवाला माल वापस धाडते."

"अन् धुतलेलं पानी जाते कुठी?"

जानरावांनी नाली दाखवली. आणि दाखवता दाखवताच त्यांचा हात खाली आला. नाली सरळ गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरत होती.

"मंग गॅस कसा होईन? शेण कुजाले पाह्यजे, अन् तुम्ही त्याले औषध पाजून राह्यले! उपसा सारं."

संग्रामपुरात जानरावांइतका टापटिपीचा माणूस नव्हता, आणि त्याच टापटिपीने चाळीस दिवस गिळले होते. ते दिवस त्यांचे असते तर त्यांनी खंत केली नसती. ते गोजरबाईंच्या डोळ्याचे होते. सत्तावीस वर्षे त्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या धुरात बसून दूध आटवीत आल्या होत्या. उजवा डोळा गेला, तेव्हा खामगावच्या डॉक्टरांनी बजावले, की धूर सुटला नाही तर डावाही जाईल. भट्टीवरून ऊठ, असे जानरावांनी बायकोला परोपरीने विनवले होते.

"खव्याची खुरपी दुसऱ्याच्या हाती देऊ? मंग माह्यापाशी काय राह्यते?"

ती भट्टी सोडणार नाही, तर धुरानेच भट्टी सोडावी, असे त्यांनी ठरवले. म्हणून तर १९६६ साली, गावात कोणी न पाहिलेला हा खड्डा त्यांनी दारच्या आठ म्हशींच्या भरवशावर खोदवला होता.

तो आता त्यांनी स्वतःच्या हातांनी उपसला, धुतला, पुन्हा भरला. फिनेलची बाटली अडगळीत गेली. रोज सकाळी ते खड्ड्यावरची लोखंडी टाकी गॅसने किती वर आली ते वितीने मोजत, आणि भट्टीच्या धुरातून गोजरबाई खोकत विचारीत, "फुगली का हो माही सवत?"

"थांब वं जराशी."

टाकी हातभर वर आली, त्या दिवशी भर दुपारी अंगणात नवी शेगडी मांडली. कडूबाने चावी फिरवली. जानरावांनी काडी ओढली, आत धरली आणि मागे पाहून हाक मारली, "ये, पाहा!"

गोजरबाई वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"मले त काईच दिसत नाही."

"नीट पाहा ना वं. डाव्या डोळ्यानं."

"नाही दिसत जी."

जानराव होते तिथेच बसले. म्हणजे त्या चाळीस दिवसांनी डावा डोळाही नेला.

"अवो, तुमाले तरी दिसते का?" कडूबा हसत म्हणाला. "ही निळी आग उन्हात कोनालेच दिसत नाही. कढई ठेवा."

जानरावांनी मान वर करून पाहिले. शेगडीवरची हवा तेवढी थरथरत होती.

कढई चढली. गोजरबाईंनी पदर नाकाशी धरला, मान सवयीने एका बाजूला वळवली, डोळे मिटले आणि खुरपी चालवू लागल्या. दुधाला कढ आला, तरी मान वळलेलीच.

"आता पाहा की इकडे," जानराव हळूच म्हणाले.

पदर खाली आला. त्यांनी सावकाश तोंड वळवून कढईत सरळ पाहिले.

"किती पांढरं असते हो," त्या म्हणाल्या. खुरपी मात्र थांबली नाही.