शास्त्रीबुवांच्या पाठीतलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. रंग निळा होता. आता तो फक्त बुडाशी उरलाय. काशीत राजा घाटाजवळ बिंदुमाधवशास्त्र्यांच्या घरी मी दहा वर्षं काढली. त्यांचा चहा वेदपाठशाळेत नेला, कधी निवू दिला नाही. माझं कौतुक होई. ते चहाचं होतं, हे मला उशिरा कळलं.

पुढे शास्त्रीबुवा विसरू लागले. पाठ सांगताना अडखळत, चालताना पाय जमिनीला चिकटत. त्यांचे विद्यार्थी दुसऱ्या गुरुजींकडे द्यायचं जवळजवळ ठरलं. एका डॉक्टरांनी तर अल्झायमर म्हणून हातच टेकले. डॉक्टर शरदिनी मात्र म्हणाल्या, "आधी कण्यातलं पाणी तपासू. त्यातली दोन प्रथिनं मोजली की हा विसर कोणत्या जातीचा, याचा अंदाज येतो."

सत्त्याण्णव साली ही तपासणी नवी होती. नमुना दिल्लीला न्यायचा होता. सकाळी दवाखान्यात पाणी काढून प्लास्टिकच्या नळीत भरलं आणि नळी माझ्या पोटात, बर्फात ठेवून मला घरी आणलं. मुलगा यज्ञेश बँकेत रजेचा अर्ज द्यायला गेला, तेवढ्यात त्याच्या आईनं, इंदूकाकूंनी, माझं झाकण उघडलं.

"आई, नळी कुठंय?"

"गंगाजल कुणी प्लास्टिकात नेतं का रे? तांब्याच्या गडूत ओतून देवापाशी ठेवलंय. थर्मास धुऊन चहा भरलाय, आलं घालून."

"अगं, ते बाबांच्या पाठीतलं पाणी होतं!"

शास्त्रीबुवांनी गडूकडे पाहिलं. "म्हणजे मी आता देवघरात आहे म्हणायचं."

नमुना बाद झाला. पुन्हा सुई घ्यायला शास्त्रीबुवा तयार होईनात. काकू रडवेल्या झाल्या. "चूक माझी. हवं तर मला टोचा."

"तुला कशाला? तुला सगळं आठवतं. आमच्या आत्यानं लग्नात काय म्हटलं, तेसुद्धा." असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुई घ्यायला मुकाट्यानं कुशीवर वळले.

या वेळी गाडी सुटेपर्यंत काकूंनी माझ्या झाकणावरचा हात काढला नाही.

आकडे अल्झायमरचे नव्हते. मग डोक्याच्या फोटोवरून कळलं, आत पाणी साचलंय. डॉक्टरांनी बारीक नळी घालून त्याला वाट काढून दिली. दोन महिन्यांनी शास्त्रीबुवा स्वतःच्या पायांनी पाठशाळेत गेले. एका जागी चुकले, थांबले आणि हसले. "चुकलो, हे माझं मलाच कळलं!"

मित्रांनो, प्रत्येक विसराला अशी वाट सापडत नाही. पण घरातलं कुणी विसरू लागलं, तर हात टेकण्याआधी तो विसर कसला, एवढं नक्की विचारा. शरदिनीबाईंनी विचारलं, म्हणून त्या दिवशी शास्त्रीबुवांनी चुकलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.